इसवण, तिरफळ आणि एक जुने पत्र

जपानात जाऊन कच्चा मासा खाऊन आलो, असे मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा शाकाहारी मंडळींनी कानांवर हात ठेवले. ते समजण्यासारखे होते. पण ज्यांच्या घरी आठवड्यातून पाच दिवस मासळी शिजते त्यांनीही माझ्याकडे काही अभक्ष्य भक्षण करून आल्यासारखे पाहिले. 'शिजते' या क्रियापदातच सारे आले. आम्ही मालवणकडची माणसे मासा तळू, आमटीत सोडू, उन्हात वाळवू, पण कच्चा? कच्चा मासा मांजर खाते, अशीच आमची समजूत. यंदाच्या मे महिन्यापर्यंत माझीही होती.

माझा धाकटा भाऊ ओकायामा येथे एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरी करतो. ओसाकाहून जलद गाडीने पाऊण तासाच्या अंतरावर हे शहर आहे. पुणेकर वाचकांना त्याचे नाव अगदीच परके वाटू नये. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेच्या धर्तीवर उभारले आहे ती कोराकुएन बाग ह्याच गावची. तिथल्या सरदाराने ती बांधवून घेतली व १७०० साली ती पुरी झाली. भावाने जपानी भाषा शिकली पुण्यात, नोकरी धरली ओकायामात आणि नऊ वर्षांपूर्वी तिथल्याच एका मुलीशी लग्न केले. लग्नाला आमच्या घरचे कोणीही गेले नाही.

गेले नाही एवढेच असते तर एक वेळ चालले असते. पण आईने मला बोलावून सांगितले, "त्याका लिही, माका ह्या पसंत नाय." एवढे एकच वाक्य. त्याचे मी दोन पाने पत्र केले. मराठीचा अध्यापक पडलो! बी.ए.च्या वर्गाला वाक्प्रचार शिकवणाऱ्याला ते वापरण्याची अशी संधी वारंवार कुठली येणार? आईच्या आतड्याला पीळ पडला काय, तिच्या डोळ्यांचे पाणी खळत नाही काय, सारी आरास मांडली. आईने वाचून घेतले आणि एवढेच म्हणाली, "इतक्या मी खंय बोल्लंय?" पण पाकिटाला तिकीट लागले होते.

दोन महिन्यांनी तिकडून एक पुडके आले. आत पोटाच्या औषधाच्या पुड्या होत्या आणि एका चिटोऱ्यावर वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिले होते, 'आईंच्या पोटासाठी.' आमच्या घरात त्याचा एकच अर्थ लागला. पोटात दुखते आहे ना तुमच्या, मग हे घ्या औषध! त्यानंतर नऊ वर्षे दिवाळीला चार ओळींची खुशाली, ह्यापलीकडे काही नाही.

ह्या उन्हाळ्यात भावाचे पत्र आले, 'दादा, सुटीत ये.' मी आईला विचारले. ती जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. तेव्हा गेलो.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ५ मे रोजी, ती दोघे मला जेवायला घेऊन गेली. आसाही नदीपासून थोड्या अंतरावर, गल्लीत, दारावर निळा पडदा टाकलेले एक एवढेसे दुकान. आत एकच लांब लाकडी फळी आणि तिच्यासमोर आठ खुर्च्या. फळीपलीकडे साठीचा मालक आणि आत त्याची बायको, नोकर नाही. बसताच वाफाळलेला ओला रुमाल हातात आला. भाऊ माझ्या एका बाजूला, त्याची बायको दुसऱ्या बाजूला. ती मराठी बोलते हे मला आदल्याच दिवशी कळले होते. शब्द निवडून, सावकाश, पण आमच्या पहिल्या वर्षाच्या पुष्कळ विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध.

आधी एक घोटाळा दूर करतो. आपल्याकडे कच्च्या माशाच्या कुठल्याही पदार्थाला सुशी म्हणण्याची चाल पडली आहे. सुशी म्हणजे शिर्का घातलेला भात. त्यावर मासा असेल किंवा नसेलही. नुसत्या कच्च्या माशाचे काप म्हणजे साशिमी. ह्या शब्दाचा अर्थ 'टोचलेले मांस'. मासा तर कापलेला, मग टोचलेला का? असे सांगतात, की लढवय्यांच्या काळात 'कापणे' हे क्रियापद अशुभ मानीत, म्हणून ते टाळले. हे ऐकून मला भारी आनंद झाला. आपण नारळ फोडतो, पण म्हणतो 'वाढवला'. बांगडी फुटली तरी म्हणायचे 'वाढवली'. मी हे सांगताच भावजय हसली आणि पर्समधून वही काढून तिने 'वाढवणे' लिहून घेतले.

मालकाने सुरी उचलली. हातभर लांब, अरुंद, विळोच्या जातीच्या झाडाच्या पानासारखी. तिला नावही त्या झाडाचेच आहे. धार एकाच बाजूला. तो मासा आपल्यासारखा दाबून, करवतून कापत नाही. सुरीच्या मुठीकडच्या टोकाशी सुरुवात करून एकाच ओढीत टोकापर्यंत आणतो. काप पडतो तो आरशासारखा सपाट. दाबून कापलेल्या मासळीचे तंतू चिरडतात आणि चव बदलते, असे त्याचे म्हणणे. विळीवर मासळी कापणाऱ्या आमच्या आईला हे पटेल असे वाटले नाही. पण एक मात्र खरे, तीदेखील विळीला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही.

पहिला मासा ताई. हा जपान्यांचा मंगल मासा. 'मेदेताई' म्हणजे शुभ, त्यातले शेवटचे 'ताई' तेच ह्याचे नाव, म्हणून लग्नकार्यात त्याला मान. हा आज सकाळचा ना, असे मी विचारले. मालक म्हणाला, कालचा! मी चमकलो. ताजेपणा हाच मासळीचा धर्म, असे आम्ही समजतो. पण त्याचे शास्त्र निराळे आहे. मासा धरताच मेंदूत टोचा मारून त्याचा जीव एका क्षणात घेतात, रक्त वाहू देतात आणि पाठीच्या कण्यात तार घालतात. तडफड झाली नाही की मांस लवकर आखडत नाही आणि पुष्कळ वेळ टिकते. मग थंडाव्यात ठेवले, की मांसातच एक रसायन तयार होते आणि चव चढते. हा ताई त्याने कोंबू नावाच्या समुद्रवनस्पतीच्या पानांत रात्रभर गुंडाळून ठेवला होता. ह्याच कोंबूच्या कढणातून किकुनाए इकेदा ह्या प्राध्यापकाने १९०८ साली गोड, आंबट, खारट, कडू यांपलीकडची पाचवी चव शोधली आणि तिला 'उमामी' नाव दिले. आपल्याला ती चव ठाऊक नाही असे नाही. सुक्या सुंगटांच्या आमटीत दुसरे काय असते? आपण तिचे बारसे केले नाही, एवढेच.

काप तोंडात घातला. डोळे मिटून घेतले हे कबूल करतो. वास येईल ह्या भीतीने जीभ आखडली होती. वास नव्हता. आधी गार, मग किंचित चिवट आणि मग सावकाश गोडसर. वासाबी म्हणजे एक हिरवी मुळी. ती शार्कच्या खरखरीत कातड्यावर किसतात आणि तिचा तिखटपणा पाव तासात उडून जातो. आपली मिरची जिभेला लागते, ही नाकातून मस्तकात जाते आणि तितक्याच झटकन उतरते. ती सोयाच्या पाण्यात कालवायची नसते. कापावर टेकवायची आणि कापाचे एक टोक सोयात बुडवायचे. मी कालवली. मालकाने पाहिले, बोलला काही नाही.

मग त्याने दुसरा मासा काढला आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. लांबोडका, रुपेरी, अंगावर ठिपके. "अरे, ही तर इसवण!" भाऊ हसला. मुंबईकर जिला सुरमई म्हणतात ती आमची इसवण. हा तिचा सख्खा चुलतभाऊ, सावारा. चित्रलिपीत त्याचे नाव लिहिताना 'मासा' आणि 'वसंत' ही दोन चिन्हे जोडतात; वसंतात हा अंडी घालायला जपानच्या आतल्या समुद्रात शिरतो. त्याचे मांस फार नाजूक, हातात मोडते, म्हणून जपानात इतरत्र तो बहुधा भाजून खातात. कच्चा खाण्याची आवड ओकायामाकरांची. मालकाने कातडी ठेवून तेवढीच आगीवर धरली, ती करपल्यासारखी होताच जाड काप पाडले. वर करपल्याचा खमंगपणा आणि आत लोणी. चाळीस वर्षे मी हा मासा खातो आहे आणि त्याची खरी चव मला त्या दिवशी कळली, हे लिहिताना आईची भीती वाटते.

(वाचकांनी हा प्रयोग घरच्या सुरमईवर करू नये. कच्च्या मासळीत बारीक कृमी असू शकतात. ते मारायला मासा उणे २० अंशांवर निदान २४ तास गोठवावा लागतो. आपल्या बाजारातली मासळी शिजवण्यासाठीच आणलेली असते. ती शिजवावी.)

मग सूप आले. ताईच्या डोक्याचे, पाण्यासारखे स्वच्छ. मालकाने कसलासा कोवळा पाला तळहातावर ठेवून टाळी वाजवली आणि तो वर सोडला. वाडगा तोंडाजवळ नेला मात्र, आणि मी थांबलो. हा वास माझ्या ओळखीचा होता. आमच्या माजघरातला, पावसाळ्यातला, बांगड्याच्या आमटीवरचे झाकण काढताना येणारा. तिरफळ! भावाकडे पाहिले तर तो वाडग्यातच बघत होता. "पहिल्यांदा इथं आलो तेव्हा मलाही असंच झालं, दादा," तो म्हणाला. त्या झाडाला सानशो म्हणतात. ते आमच्या तिरफळाच्याच कुळातले. आमच्याकडे फळाची साल घालतात, हे लोक वसंतात पालाही घालतात.

थोडा वेळ कोणी बोलले नाही.

शेवटी गोड. मालकिणीने स्वतः बशा आणल्या. पानात गुंडाळलेला पांढरा, फुगीर पदार्थ पाहून मी पान उलगडले आणि मला हसूच आले. तांदळाच्या पिठाची उकड, आत पुरण! ह्याला काशिवामोची म्हणतात. ५ मे हा तिकडे मुलांचा सण, त्या दिवशी हे करायचेच. पुरण आझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे. ते आपल्या मूग-चवळीच्या नात्यातले. नारळ आणि गूळ नाही, वेलची नाही. बाकी हे आमचे पातोळेच. हळदीच्या पानाच्या जागी ओकवृक्षाच्या एका जातीचे पान. तेच का, म्हणून विचारले, तर भावजय म्हणाली, "नवी पालवी फुटेपर्यंत ह्या झाडाची जुनी पानं गळत नाहीत. म्हणून मुलांच्या सणाला." पान खायचे नसते. बरोबर दाट हिरवा, कडू चहा. आधी गोड संपवायचे आणि मग कडू प्यायचे, अशी रीत.

गोड संपले होते. चहाचा वाडगा दोन्ही हातांत धरून तिने विचारले, "दादा, आईंचं आतडं आता बरं आहे?"

मला कळेना. ती सांगू लागली. ते पत्र भावाने तिला वाचून दाखवले नव्हते. खणात टाकून दिले होते. तिने ते काढले आणि जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश घेऊन एकेक शब्द लावला. तीन आठवडे लागले. पुष्कळसे समजले नाही. पण 'आई', 'आतडे' आणि 'पीळ' हे तीन शब्द नीट सापडले. सासूबाईंना इतका मोठा आजार असताना आपल्या लग्नाचे कसे कळवावे, म्हणून तिला फार वाईट वाटले. तिच्या आजीला लागू पडलेले औषध तिने पाठवले. उत्तर आले नाही, तेव्हा आजार वाढला असेल असे वाटले. विचारायचा धीर झाला नाही. मराठी मात्र तेव्हापासून शिकत राहिली.

भाऊ माझ्याकडे पाहत होता. त्यालाही हे ठाऊक नव्हते. वीस वर्षे वर्गात अर्थ सांगणाऱ्या माणसाला अर्थ सांगता येईना. शेवटी म्हणालो, "तो आजार नव्हता. माझं मराठी होतं." आणि मग आतड्याला पीळ पडणे आणि पोटात दुखणे, हे दोन्ही वाक्प्रचार मी तिला पहिल्यापासून समजावून दिले. तिने या खेपेस वही काढली नाही. बराच वेळ ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे आजार होताच की."

पैसे भावाने दिले. वर बक्षिशी ठेवण्याची तिकडे पद्धत नाही; ठेवली तर मालक मागे धावत येऊन परत देतो. नदीच्या पुलावर आलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. आमच्याकडे साडेपाच, म्हणजे आईच्या चहाची वेळ. फोन लावला.

"काय खाल्लंस?" हा पहिला प्रश्न.

"इसवण. कच्ची."

"कच्ची? पोट बरा आसा मा?"

तेव्हा पुड्यांची हकीकत सांगितली. पत्राचीही, काही न वगळता. पलीकडून इतका वेळ आवाज आला नाही, की फोन तुटला असे वाटले. मग आई म्हणाली, "ता औषध अजून कपाटात आसा. फोन तिच्याकडे दी."