फळांवाचून अडते का?

नळदुर्ग असो की तुळजापूर, आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत सफरचंदे हवीत, हा आता शिष्टाचारच झाला आहे. हे परमुलखाचे फळ रोज परवडत नाही, म्हणून आपल्या पोरांचे पोषणच होत नाही, अशी खंत रोजंदारीवर जाणाऱ्या आईला वाटत राहते. ती कितपत खरी?

काटेकोरपणे पाहिले तर फळांत असे एकही जीवनसत्त्व नाही, की जे भाज्यांत सापडत नाही. लोह आणि कॅल्शियम यांत तर पालेभाज्याच वरचढ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम आहेत. चौपट भाजी! जागतिक आरोग्य संघटना दोन्ही मिळून किमान ४०० ग्रॅम सांगते, पण त्यात बटाटा धरत नाही. (बटाटेवड्याच्या भक्तांनी नोंद घ्यावी.)

मग फळे हवीत कशाला? खरी अडचण चुलीवर होते. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने नाश पावते. चिरलेली भाजी धुतली, उकडून पाणी ओतून दिले, की त्यातले बरेचसे गेलेच. फळ आपण कच्चेच खातो. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने स्कर्व्हीने खंगलेल्या खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. शिवाय हेच जीवनसत्त्व भाकरी-भाजीतले लोह अंगी लावते. पानात लिंबाची फोड वाढणाऱ्या आजीला हे कोणी शिकवले नव्हते.

पण त्यासाठी सफरचंदच कशाला? शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, सफरचंदात जेमतेम पाचएक. आपल्या धाराशिव-लातूरकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते. हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, आंबील असा बेत शेतातच होतो आणि बोरांचे दिवसही तेच. त्या पंगतीत फळ आणि भाजी यांचे भांडण उरतच नाही. पावसाळा सरता सरता बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे येतात, हिवाळ्यात आवळे.

मधुमेह असलेल्यांनी फळ बेताने आणि चावून खावे. रसाचा पेला टाळावा, कारण चोथा गेला की साखर झपाट्याने रक्तात उतरते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र फळ आणि भाजी दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.