नकाशावर रेघ ओढणारा हात आपल्या घरातला हवा



या पानावर आपण एरवी उसाची लागण, ठिबक, जनावरांचा चारा यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने शहरांची आखणी करण्याचे उच्च शिक्षण घ्यावे काय, आणि घ्यायचे तर वाट कोणती, हे आज पाहू.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घराला शहराच्या आखणीचे काय? त्यासाठी एक दिवस कारखान्यांची पाळी सुटताना बारामतीहून भिगवण रस्त्याने एमआयडीसीकडे जाऊन पाहा. कामगारांच्या मोटारसायकली, दुधाचे टँकर, लोखंडाने भरलेले ट्रक, विद्यानगरीत शिकणाऱ्या मुलींच्या सायकली आणि स्कूटर, शिवाय हंगामात उसाच्या ट्रॉल्या. हे सगळे एकाच वेळी रस्त्यावर असते. पलीकडे कटफळ, गोजुबावीच्या बाजूला शेते आहेत, विहिरी आहेत, गोठे आहेत. शहर आपल्या बांधापाशी येऊन उभे राहिले आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या १०० माणसांपैकी ४५ माणसे शहरात राहत होती. इंदापूर तालुक्यातही लोणी देवकरला औद्योगिक वसाहत झाली आहे. आपण शहरात जावो न जावो, शहराचा नकाशा आपल्या गट नंबरावरून जाणार आहे. तो कोण काढतो आणि काय शिकून काढतो, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

घर, आळी आणि गाव

आधी शब्दांचा घोळ मिटवू. घर, शाळा, गोदाम अशी एकेक इमारत आखतो तो वास्तुविशारद, म्हणजे आर्किटेक्ट. सबंध गावाची किंवा शहराची जमीन कशासाठी वापरायची, रस्ता कुठून, शाळा कुठे, दवाखाना कुठे, कारखाने किती दूर, हे कायद्याच्या चौकटीत ठरवतो तो नगररचनाकार. या दोघांच्या मधले एक काम आहे. त्याला 'अर्बन डिझाइन' म्हणतात. आळी कशी असावी, बाजारचौकात सावली कुठे पडावी, म्हातारा माणूस कुठे टेकेल, रस्ता ओलांडणाऱ्या पोरीला कुठे थांबता येईल, दुकानाची पायरी आणि गटार यांचा मेळ कसा बसेल, हे त्यात पाहतात.

आपल्या जुन्या गावांत हे न शिकता जमलेले दिसते. वेशीतून आत आले की पार, पाराजवळ देऊळ, पुढे बाजाराची जागा. पाणी उताराने ओढ्याला जाई. गावठाण उंचवट्यावर असे, काळी जमीन पिकाला सोडलेली असे. पण हजार वस्तीच्या गावाला जे सवयीने जमले ते लाखाच्या वस्तीला जमत नाही. म्हणून हे शास्त्र शिकावे लागते.

ओढ्याला हद्द ठाऊक नसते

आता कारभार कसा चालतो ते पाहा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. वसाहतीच्या हद्दीत आखणी महामंडळ करते. बारामती शहरात विकास आराखडा नगरपरिषदेचा. बाहेरच्या गावांसाठी प्रादेशिक योजना. या सगळ्याचा पाया आहे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. पेन्सिली तीन, पण जमीन एक आणि तिचा उतार एक. माळावरचे पाणी हद्दीचा दगड पाहून थांबत नाही. वरच्या हद्दीत कोणी ओढा बुजवून प्लॉट पाडले, तर खालच्या हद्दीतल्या उसात पाणी साचते.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात आपल्या कऱ्हेला पूर आला आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना घरे सोडून हलावे लागले. एरवी कऱ्हेचे पात्र कोरडे असते, म्हणून पाणी पुन्हा येईल हे माणसे विसरतात. नकाशा काढणाऱ्याने हे विसरून चालत नाही. पाण्याची वाट मोकळी ठेवणे हा आखणीतला पहिला धडा आहे आणि तो शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावा लागत नाही. रानात पाणी देताना सरीचा उतार त्याने पायाने ओळखलेला असतो.

तिथे शिकवतात काय?

हे शिक्षण नुसते वर्गात बसून होत नाही. एखादा रस्ता, पेठ किंवा नदीकाठ विद्यार्थ्यांना नेमून देतात. तिथे जाऊन ते मोजमाप घेतात. कोणत्या वेळी किती माणसे पायी जातात, किती गाड्या जातात, हातगाड्या कुठे उभ्या राहतात, पाणी कुठे तुंबते, झाडे किती, कोणत्या घराचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला, हे लिहून आणतात. मग नकाशा काढतात. बांधलेली जागा काळी आणि मोकळी जागा पांढरी असा एक साधा नकाशा असतो. त्यात गावाचा श्वास कुठे कोंडला आहे ते एका नजरेत कळते. त्यानंतर सुधारणेचा आराखडा करायचा, लहान लाकडी किंवा पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची आणि परीक्षकांपुढे उभे राहून प्रत्येक रेघेचे कारण सांगायचे. जोडीला जमिनीचे कायदे, वाहतूक, पाणीपुरवठा, घरबांधणीचा खर्च आणि शहरांचा इतिहास असतो. शेवटी एका जागेवर प्रबंध लिहायचा.

प्रबंधाची जागा विद्यार्थी सुचवू शकतो. आपल्या भागातला विद्यार्थी असेल तर त्याने बारामती एमआयडीसी आणि शेजारची गावे यांची शीव घ्यावी. उसाची ट्रॉली, कंपनीची बस आणि शाळेची मुले यांना एकाच रस्त्यावर कशी जागा द्यायची? नीरेच्या डाव्या कालव्याचा काठ शहरातून जातो, तिथे सावलीची पायवाट होईल काय? भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या परगावच्या कामगारांना कामाजवळ बरी वस्ती कशी मिळेल? यातला प्रत्येक प्रश्न पदव्युत्तर अभ्यासाच्या तोलाचा आहे.

एक वनस्पतिशास्त्रज्ञ आणि होळकरांचे इंदूर

माझे शिक्षण शेतीचे. म्हणून या शास्त्रातले एक नाव मला जवळचे वाटते. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले, अनेक शहरे पायी फिरून त्यांनी सुधारणेचे अहवाल लिहिले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी जुनी पेठ सुधारायची म्हणजे सरळ रुंद रस्ता काढून मधली घरे पाडायची, अशी रीत होती. गेडिसांनी ती नाकारली. बागाईतदार जसे झाड मुळापासून न तोडता वाळकी फांदी छाटतो, तसे त्यांचे काम. पडके घर काढा, तिथे अंगण करा, विहीर साफ करा, बाकीची वस्ती जागेवर ठेवा. त्यात खर्चही कमी आणि माणसेही उठत नाहीत.

नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांचे आडनाव पडले त्या होळकरांच्या इंदूर शहराचा अहवालही गेडिसांनी लिहिला. तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. प्लेगचे दिवस होते. लोकांनी घरे आणि गल्ल्या साफ कराव्यात म्हणून त्यांनी दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढली. ज्या आळ्या जास्त स्वच्छ, त्यांतून मिरवणूक जाणार असे जाहीर केले. प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमाही मिरवणुकीत होती. लोकांनी आपण होऊन शहर झाडून काढले. पुढे याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी 'इंदूर पद्धतीचे' कंपोस्ट खत सिद्ध केले, ते तुम्हाला माहीतच आहे. शहराची आखणी आणि शेती यांचे नाते असे जुने आहे.

दोन उदाहरणे

नकाशा चांगला असला म्हणजे झाले, असे मात्र नाही. नवी मुंबईची कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या जाणत्या मंडळींनी मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. पण त्या नकाशाखाली ९५ गावांची भातशेती आणि मिठागरे होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच जण गेले. त्यानंतर विकसित केलेली साडेबारा टक्के जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण आले. जे पहिल्या दिवशी नकाशावर असायला हवे होते, त्यासाठी प्राण द्यावे लागले.

दुसरे उदाहरण पुण्याजवळ हडपसरचे. मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा ठेवला. २००० सालाच्या सुमारास तिथे नगर उभे राहू लागले. इथे वास्तुविशारदाशी बोलायला शेतकरी स्वतः बसले होते. प्रत्येक गावाला हे जमेल असे नाही. तिथे पुणे शहर अगदी लगत होते आणि भाऊबंदही एकत्र आले. तरी शिकण्यासारखे एवढे आहे, की नकाशा काढला जात असताना आपला माणूस टेबलापाशी हवा आणि त्याला नकाशा वाचता यायला हवा.

"सात वर्षे थांबायचे कसे?"

या विषयावर बोलताना एका आईने मला विचारले, "साहेब, बारावीनंतर सात वर्षे. पोरीच्या लग्नाचे काय आणि पैशाचे काय?" प्रश्न खरा आहे. त्याला वळसा घालून चालणार नाही.

वाट अशी आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या मुलाला ही वाट बंद होते. म्हणून हा निर्णय दहावीनंतरच करावा लागतो. वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची, तिच्यासाठी 'नाटा' ही परीक्षा असते. हे शिक्षण आपल्याकडे, बारामती एमआयडीसीतल्या विद्यानगरीत, विद्या प्रतिष्ठानच्या वास्तुकला महाविद्यालयातही मिळते. घरून जाऊन-येऊन शिकता आले की वसतिगृहाचा खर्च वाचतो. दुसरी वाट नियोजनाच्या पदवीची. ती चार वर्षांची असते आणि पुण्याच्या सीओईपीत आहे. तिसरी वाट स्थापत्य अभियांत्रिकीची.

त्यापुढचे पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे. 'अर्बन डिझाइन'साठी बहुधा वास्तुकलेचीच पदवी लागते. नगरनियोजनाला स्थापत्य अभियंतेही चालतात आणि काही संस्थांत भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्यांनाही प्रवेश मिळतो. दिल्ली आणि भोपाळचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचे सेप्ट, नागपूरचे व्हीएनआयटी, पुण्याचे सीओईपी ही यातली ठिकाणे. अनेक सरकारी संस्थांत 'गेट' परीक्षेच्या गुणांवर प्रवेश होतो आणि 'गेट' झालेल्या विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळण्याची सोय आहे.

आणि सातही वर्षे सलग शिकलेच पाहिजे असे नाही. पहिली पदवी झाली की नोकरी करता येते. दोन-तीन वर्षे काम करून, चार पैसे जोडून मग पुढे शिकणारे पुष्कळ असतात. कामाचा अनुभव असला तर प्रबंधही पक्का होतो. राज्यात नगररचना विभाग १९१४ पासून आहे. त्यातल्या सहायक नगररचनाकाराच्या जागा लोकसेवा आयोगामार्फत भरतात. नगरपरिषदा, महामंडळे आणि खासगी कार्यालये आहेतच. जागा मोजक्या असतात, पहिल्या नोकरीचा पगार बेताचा असतो, हेही मुलांना आधी सांगा. कर्ज काढायचे तर शैक्षणिक कर्ज काढा, जमीन विकू नका. मुलीच्या बाबतीत एवढेच म्हणेन, की रस्त्यावर अंधार कुठे आहे आणि बसथांब्यावर उभे राहायला भीती कुठे वाटते, हे तिला जितके कळते तितके आपल्याला कळत नाही. असे डोळे या कामाला हवे आहेत.

आपल्या मातीतून हे होत नाही असे समजू नका. मालवणजवळच्या आचरे गावी १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, पुढे अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि परत येऊन त्यांनी कानपूरच्या आयआयटीचा सबंध परिसर आखला. मेहसाण्याची दूधसागर डेअरीही त्यांचीच.

आजपासून करता येईल असे

सगळ्यांचीच मुले या वाटेने जाणार नाहीत. पण पुढच्या गोष्टी प्रत्येक घराला करता येतील.

आपल्या भागाचा विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजनेचा नकाशा नगरपरिषदेत किंवा नगररचना कार्यालयात मुलांना बरोबर घेऊन पाहा. त्यात आपला गट नंबर शोधा. विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की राजपत्रातल्या सूचनेपासून ३० दिवसांत हरकत किंवा सूचना लेखी देता येते. मुदत नोटिशीत छापलेली असते, ती वाचा आणि पोच घ्या. आणि येत्या पावसाळ्यात, पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, गावचा नकाशा हातात घेऊन मुलांसह ओढ्याच्या कडेने शिवेपर्यंत चाला. मोरी कुठे बुजली, पाणी कुठे वळले, कुणाच्या बांधाला धडका देते, ते मुलाला पेन्सिलीने नकाशावर टिपायला लावा. तो कागद ग्रामसभेत ठेवा. मुलाला हे काम आवडले आणि त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा पेन्सील मागितली, तर त्याचे गणित सुटू देऊ नका.