पहिला कोयता ओळखताना

निगडी : प्राधिकरणातील बंगल्याच्या अंगणात नारळाचे झाड असते, पण शहाळे फोडायला घरात साधी सुरीच असते. मग कधीतरी आठवडे बाजारातून किंवा रस्त्याकडेच्या पालावरून हाताने घडवलेला कोयता घरी येतो. काळपट, खडबडीत आणि घणाच्या खुणा अंगावर मिरवणारे हे अवजार दुकानातील चकचकीत सुऱ्यांपुढे ओबडधोबड वाटते. मात्र त्याची ओळख करून घेतली, तर ते अनेक वर्षे साथ देते.

पोलाद कुठून येते?

महाराष्ट्रात हे काम गावोगावचे लोहार आणि भटके जीवन जगत आलेला घिसाडी समाज करतो. घिसाड्यांच्या पालावर पुरुष सांडशीने तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो आणि घरातील स्त्री घण घालते, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. चांगल्या कोयत्यासाठी बहुधा मालमोटारीचा जुना कमानपाटा वापरला जातो. हजारो किलोंचा भार पेलून पुन्हा मूळ आकारात येण्यासाठी बनवलेल्या या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण अर्धा टक्का किंवा थोडे अधिक असते. त्यामुळेच ते तापवून थंड केल्यावर कठीण होते. बांधकामाच्या साध्या लोखंडी पट्टीत कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असल्याने तिला धार लागते, पण टिकत नाही.

'पाणी देणे' म्हणजे काय?

आकार घडवून झाल्यावर खरी परीक्षा असते ती पाणी देण्याची. पाते लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले, की पोलाद कठीण होते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते. त्याहून थोड्या अधिक उष्णतेवर हे पाणी दिले जाते. भट्टीवर तापमापक नसतो. लोहार रंगावरून अंदाज घेतो, म्हणूनच सावलीत किंवा कमी उजेडात हे काम अधिक बिनचूक होते.

असे कठीण झालेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो. घासून उजळलेल्या पात्यावर सुमारे २३० अंशांना पिवळसर छटा येते, तर ३०० अंशांच्या आसपास निळी. सपासप घाव घालायच्या अवजाराला सुरीपेक्षा थोडे मऊ, म्हणजे निळ्याकडे झुकणारे पाते मानवते. कित्येकदा केवळ धारेलाच पाणी दिले जाते आणि पाठ मऊ ठेवली जाते. घाव बसला तरी कोयता मोडत नाही, तो यामुळे.

पारख कशी करावी?

पाठीच्या रेषेवर एक डोळा मिटून नजर टाकल्यास पाते वाकडे आहे का, ते कळते. मुठीत शिरलेला पात्याचा निमुळता भाग घट्ट बसला आहे का आणि मुठीच्या तोंडावरचे लोखंडी कडे हलते का, हे हाताने पाहावे. घणाच्या खुणा म्हणजे दोष नव्हे. धारेजवळची बारीक भेग मात्र दोषच.

पहिली धार लोहार देतोच, पण ती अनेकदा जाडीभरडी असते. कानशीने आणि नंतर पाण्याच्या दगडावर ती सावकाश सुधारावी. विजेच्या चाकावर घाई केल्यास धार निळी पडते आणि दिलेले पाणी उतरते. त्यानंतर वाळलेल्या फांदीवर दहा-बारा घाव घालून धार तपासावी. ती वळली तर पाते मऊ, तिचे तुकडे उडाले तर फार कडक. किंचित वळणारी धार पुन्हा लावता येते. तुकडे उडणारा कोयता मात्र लोहाराकडे परत न्यावा.

हे पोलाद गंज धरते. नारळाचे पाणी किंवा कैरीचा चीक लागल्यावर पाते धुऊन, कोरडे करून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवला, की पुरे.

नाव एक, रूपे अनेक

नारळ फोडणारा कोयता जाड आणि वजनदार असतो. उसाचा पातळ आणि हलका असतो, कारण तो दिवसभर चालवायचा असतो. कोकणात कमरेच्या आकडीला अडकवलेली कोयती शेतकऱ्याच्या पोशाखाचाच भाग असते. ऊसतोडणीच्या व्यवहारात तर 'एक कोयता' म्हणजे पती-पत्नीची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एकट्या मजुराला 'अर्धा कोयता' म्हणतात. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांचे वर्ष या मोजमापावर ठरते.

कायद्याचे भान

शहरात मात्र या शब्दाला वेगळा वास चिकटला आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये 'कोयता गँग'च्या बातम्यांनंतर २०२३ मध्ये पुणे पोलिसांनी कोयत्यांच्या विक्रीवरच लक्ष केंद्रित केले. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. तथापि महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये वेळोवेळी आदेश निघतात आणि त्या काळात इजा करू शकणारी कोणतीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास मनाई असते. त्यामुळे खरेदीची पावती मिळाल्यास जपून ठेवावी, कोयता गुंडाळून थेट घरी न्यावा आणि गाडीच्या डिकीत कायमचा ठेवू नये. घरातही तो मुलांच्या हाती लागणार नाही, अशा जागी असावा.

घिसाड्याच्या पालावर बनलेल्या अवजाराचा मान त्याच्या योग्य वापरातच आहे. पुढच्या वेळी ते पाल दिसल्यास धार लावण्यासाठी तिथेच थांबावे. घडवणाऱ्याच्या हाताला काम मिळते आणि कोयत्याचेही आयुष्य वाढते.