पिवळी बस आणि आजीचा प्रश्न

आम्ही मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती. इथे डॅलसमध्ये आमच्या चर्चमधली बरीच मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. थोरली सहा वर्षांची झाली, तेव्हा आम्हीही ‘होमस्कूलिंग’ करायचं ठरवलं. बायकोने नोकरी सोडली. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘अरे, मिशनच्या शाळेत तुझी पणजी शिकली, म्हणून आपण इथवर आलो. आणि तू पोरांना शाळाच नको म्हणतोस?’’

आईचं खरंच होतं. अमेरिकन मिशनने नगरमध्ये १८३१ मध्ये काम सुरू केलं. सावित्रीबाई फुले यांनीही तिथे सिंथिया फरार यांच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतले. त्या बाई ज्या देशातून आल्या, त्याच देशात मी मुलांची शाळा सोडवत होतो!

टेक्सासमध्ये कायद्याची अडचण नाही. सरकारकडे नोंदणी नाही, परीक्षा नाही. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र नीट शिकवलं की झालं. आमच्याकडे सकाळी प्रार्थना, बायबलमधली एक गोष्ट, मग गणित. बाराच्या आत अभ्यास संपतो. विज्ञान मी संध्याकाळी घेतो.

पण एकदा खिडकीतून पिवळी स्कूल बस बघून लेकीने विचारलं, ‘‘बाबा, त्या बसमध्ये कोण असतं?’’ चर्चबाहेरचं एकही मूल तिच्या ओळखीचं नव्हतं. तेव्हापासून ती गल्लीतल्या मुलांबरोबर फुटबॉलला जाते. शनिवारी आजी व्हिडिओ कॉलवर बाराखडी घेते.

दर ऑगस्टमध्ये, इथल्या शाळा उघडताना, आम्ही दोघं नव्याने विचार करतो. बाराखडी संपली की आईही विचारतेच, ‘‘यंदा शाळेत घालणार ना?’’