विद्युत गिटारवरील व्हॉल्यूम-नियंत्रक : प्रतिसाद व नादगुण यांचे विवेचन

प्रस्तावना :
विद्युत गिटार हे वाद्य विसाव्या शतकात अमेरिकेत विकसित झाले. गिब्सन कंपनीचे लेस पॉल (१९५२) आणि फेंडर कंपनीचे स्ट्रॅटोकास्टर (१९५४) ही त्याची सर्वपरिचित रूपे होत. या वाद्यावरील व्हॉल्यूमचा नॉब केवळ आवाज लहानमोठा करण्यासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कुशल वादकाच्या हाती तो अभिव्यक्तीचे साधन ठरतो. जेफ बेक यांच्या १९७५ मधील 'ब्लो बाय ब्लो' या ध्वनिमुद्रिकेत याच नियंत्रकाने स्वर निःशब्दतेतून उमलवत नेलेले ऐकावयास मिळतात. तथापि अनेक वाद्यांत नॉब थोडा उतरवताच नाद धूसर होतो. परिणामी वादक तो कायम कमाल स्थितीत ठेवतो अथवा महागडे पिकअप बदलून पाहतो. दोष मात्र बहुधा पिकअपमध्ये नसून मंडलात असतो. त्या दोषाची कारणे व उपाय यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रतिसादाचा प्रश्न :
व्हॉल्यूम-नियंत्रक म्हणजे तीन अग्रांचा परिवर्तनीय रोधक, अर्थात पोटेन्शिओमीटर होय. त्याचे मूल्य एकेरी वेटोळ्याच्या पिकअपसाठी सामान्यतः २५० किलोओहम, तर हंबकर पिकअपसाठी ५०० किलोओहम असते. त्याचे रेषीय आणि लॉगरिदमिक असे दोन प्रकार आहेत. रेषीय प्रकारात नॉब अर्ध्यावर आणल्यास संकेत निम्मा होतो, म्हणजे केवळ ६ डेसिबल घटतो. मानवी श्रवण मात्र साधारण १० डेसिबलची घट 'निम्मा आवाज' म्हणून अनुभवते. त्यामुळे येथे बराच काळ फरक जाणवत नाही आणि शेवटच्या टप्प्यात आवाज एकाएकी कोसळतो. लॉगरिदमिक प्रकारात मध्यावर संकेत सुमारे एकदशांश, म्हणजे २० डेसिबलने कमी होतो. स्वच्छ नादासाठी आणि स्वर उमलवत नेण्यासाठी हाच प्रकार सोयीचा ठरतो. याउलट अँप्लिफायर विरूपणाच्या सीमेवर ठेवून वाजवणाऱ्यांना वरच्या टप्प्यातील सूक्ष्म बदल हवे असतात; त्यांना रेषीय प्रकार उपयुक्त वाटू शकतो.

नादगुण का बिघडतो ? :
पिकअपचे वेटोळे आणि केबलची धारिता यांच्या संयोगातून सामान्यतः २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यात संस्पंदन घडते. तारेवरील आघाताचा ठसठशीतपणा प्रामुख्याने याच पट्ट्यात असतो. नॉब खाली आणताच पिकअप व केबल यांच्यामध्ये मोठा रोध येतो. संस्पंदन नाहीसे होते आणि रोध व धारिता मिळून उच्च वारंवारता गाळणारे मंडल तयार होते.

उदाहरणार्थ, ५०० किलोओहमचा नियंत्रक संकेत निम्मा करतो, तेव्हा त्याचा परिणामी रोध सुमारे १२५ किलोओहम असतो. केबलची धारिता दर मीटरला १०० पिकोफॅराड धरल्यास ५ मीटर केबलसाठी ती ५०० पिकोफॅराड होते. यावरून छेद-वारंवारता सुमारे २,५०० हर्ट्झ येते. २५० किलोओहमच्या नियंत्रकासाठी ती सुमारे ५,१०० हर्ट्झ असते. म्हणूनच हंबकरयुक्त गिटारमध्ये ही धूसरता अधिक जाणवते.

उपाययोजना :
१) केबल आखूड करणे : वरील उदाहरणात ५ ऐवजी ३ मीटर केबल वापरल्यास छेद-वारंवारता सुमारे ४,२०० हर्ट्झपर्यंत वाढते. मात्र यामुळे कमाल स्थितीतील संस्पंदनही वर सरकते व नाद अधिक तेजस्वी होतो.

२) ट्रेबल ब्लीड मंडल : नियंत्रकाचे प्रवेश-अग्र आणि मधले अग्र यांच्यामध्ये सुमारे १,००० पिकोफॅराडचे धारित्र जोडल्यास उच्च वारंवारतांना वेगळी वाट मिळते. एकटे धारित्र वापरल्यास कमी आवाजात नाद पातळ व कर्कश होऊ शकतो. म्हणून त्यास समांतर अथवा एकसरीत रोधक जोडतात. समांतर रोधकाने नियंत्रकाचा प्रतिसादही बदलतो. ५०० किलोओहमच्या लॉगरिदमिक नियंत्रकास १५० किलोओहमचा समांतर रोधक जोडल्यास मध्यावरील घट २० ऐवजी सुमारे १० डेसिबल होते. प्रतिसाद आणि नाद हे दोन प्रश्न परस्परांपासून अलग नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

३) पन्नासच्या दशकातील जोडणी : त्या काळातील गिब्सन गिटारप्रमाणे टोन-नियंत्रक व्हॉल्यूमच्या प्रवेश-अग्राऐवजी मधल्या अग्रास जोडल्यास नॉब उतरवल्यावरही स्पष्टता बऱ्याच अंशी टिकते. मात्र दोन्ही नियंत्रक एकमेकांवर परिणाम करू लागतात.

४) बफर मंडल : वाद्यातच बफर बसवून त्यानंतर २५ किलोओहमसारखा अल्परोधी नियंत्रक ठेवल्यास केबलचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. यासाठी बॅटरी लागते आणि पिकअपवरील केबलचा भार गेल्याने मूळ नादाचा स्वभावही बदलतो.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून कोणताही एक उपाय सर्वांसाठी आदर्श म्हणता येत नाही. काही वादकांना नॉब उतरवल्यावर येणारी मृदुताच हवी असते. तथापि पिकअप बदलण्यापूर्वी नियंत्रकाचा प्रकार, केबलची लांबी आणि जोडणी यांची क्रमाने तपासणी करणे इष्ट ठरते, कारण एक धारित्र व एक रोधक यांचा खर्च नव्या पिकअपच्या तुलनेत नगण्य असतो. भौतिकशास्त्राच्या पदवी वर्गात रोध-धारिता मंडल शिकवले जाते. तेच मंडल वाद्यातून कानांनी ऐकवता आल्यास विज्ञान व संगीत या दोन्ही विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ अधिक प्रत्ययकारी रीतीने उमगेल.