५ मायक्रॉन

घशाच्या कर्करोगावर किरणोपचार झाल्यापासून माझ्या मामांना पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नाही. गाठ गेली, पण लाळ परतली नाही. ती कुठे अडते ते बघायला मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेले.

दारातच झायलीनचा उग्र वास डोक्यात चढला. किरण दिलेल्या पांढऱ्या उंदराची जबड्याखालची लाळग्रंथी फॉर्मॅलिन, अल्कोहोल असं सगळं करून मेणाच्या ठोकळ्यात बसली होती. पातळ काप काढणाऱ्या मायक्रोटोमवर होत्या टेक्निशियन ताई. ‘‘५ मायक्रॉन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जाड कापलं की पेशीवर पेशी चढते. मग वर बसलेल्या डॉक्टरांना काय कळणार?’’ ५ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग! चाक फिरे, पात्याखालून मेणाची फीत निघे, ताई ती कोमट पाण्यावर अलगद सोडत. सुरकुती राहिली की फीत बाजूला, पुन्हा नवी. ‘‘जीव गेलाय त्याचा. वाया नाही घालवायचा,’’ एवढंच बोलून त्यांनी मान खाली घातली.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी मला निरोगी ग्रंथी दाखवली: पेशींचे गच्च झुपके, मधून गुलाबी नलिका. मग किरण दिलेली. झुपके आक्रसलेले, पेशींत अनारशासारखी जाळी, मोकळ्या जागेत तंतू माजलेले. नलिका मात्र बऱ्याच टिकून होत्या. किरणांचा मार सहसा भराभर वाढणाऱ्या पेशींना बसतो. लाळेच्या पेशी संथ विभागतात, तरी त्या लवकर कोलमडतात. याचं पुरतं उत्तर अजून हाती नाही.

उंदरावरून थेट माणसाचा निष्कर्ष काढायचा नाही, हे तिथल्या प्राध्यापकांनी बजावलं. उंदराच्या या ग्रंथीत कणयुक्त नलिका असतात, आपल्यात नसतात. उंदीरवर्गीयांच्या याच ग्रंथीतून स्टॅन्ली कोहेन यांनी पेशीवाढीला चालना देणारं प्रथिन वेगळं केलं. १९८६चं नोबेल त्यांना रीटा लेवी-मोंताल्चिनींसोबत मिळालं. तरीही मला ताईंच्या ५ मायक्रॉनचंच मोल जास्त वाटतं. तिथे हात चुकला, तर पुढचं सगळं वाचन चुकतं.

माणसांत, कानांखालच्या दोन्ही लाळग्रंथींना सरासरी २५ ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) कमी मात्रा पोचली, तर तोंड कायमचं कोरडं पडण्याचा धोका बराच घटतो. गाठीच्या जागेमुळे दर वेळी ते जमत नाही. पण घरात कुणाचे डोक्या-मानेचे किरणोपचार ठरले असतील, तर ते सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा: लाळग्रंथींना किती मात्रा बसणार आहे, आणि ती कमी करता येईल का?