ओव्हन घ्यायच्या आधी भिंत तपासा: कमर्शियल इलेक्ट्रिक ओव्हन सुरक्षित कसा बसवायचा

ऐकायला वेळ नाही, बसमध्ये आहात, हेडफोन घरी राहिलेत, अशा सगळ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त आकडे नीट मांडलेत.

आजचा विषय एका श्रोतीच्या व्हॉइस नोटवरून आलाय. तिनं घरच्या केक ऑर्डर वाढल्या म्हणून छोटा गाळा भाड्यानं घेतलाय आणि सेकंडहँड कन्व्हेक्शन ओव्हन बघून ठेवलाय, सहा किलोवॉटचा. तिचा प्रश्न एका ओळीचा: "दादा, गीझरच्या सॉकेटला लावला तर चालेल ना?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही चालणार. का नाही, आणि मग काय करायचं, हे समजून घेऊया.

हा प्रश्न सध्या बऱ्याच जणांचा आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. म्हणजे क्लाउड किचनवाली नवी मुलंच नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर पाव भाजणारे लोकही आता इलेक्ट्रिक ओव्हनची चौकशी करतायत. आणि बहुतेक जण चौकशी करतात ती किती ट्रे बसतात, किंमत काय, वॉरंटी किती याची. मी लहान किचनची वायरिंग तपासायचं काम करतो. माझा अनुभव असा की ओव्हन स्वतः सहसा ठीक असतो. गडबड असते ती मीटर आणि ओव्हन यांच्या मधल्या दहा-पंधरा मीटरमध्ये.

(०१:४०) एक साधा भागाकार

ओव्हनच्या मागे एक छोटी पट्टी असते, नेमप्लेट. तिच्यावर वॉट, व्होल्ट आणि फेज लिहिलेले असतात. तिचा फोटो काढून ठेवा. आता वॉटला व्होल्टनं भागा. ६००० भागिले २३० म्हणजे साधारण २६ अँपिअर.

गीझरचा सॉकेट असतो १६ अँपिअरचा. दोन किलोवॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आत घेतो, तोही पंधरा-वीस मिनिटं. ओव्हन मात्र दिवसातले सहा-आठ तास चालणार. सोळाच्या सॉकेटमधून सव्वीस ओढलं की प्लग तापतो, मग पिवळा पडतो, मग वितळतो.

"पण एमसीबी आहे की, तो पडेल!" बरोबर, १६ चा एमसीबी थोड्या वेळानं पडेल. खरा धोका इथूनच सुरू होतो. कारण मग कोणीतरी म्हणतं, "एमसीबी कमी पडतोय, ३२ चा टाकून देतो." टाकला. आता पडत नाही. सगळे खूश.

मंडळी, एमसीबी ओव्हनसाठी नसतो. तो वायरचा रखवालदार आहे. भिंतीतली वायर अडीचची असेल आणि पुढे ३२ चा एमसीबी बसवला, तर रखवालदार झोपलेला आणि वायर आतल्या आत भाजतेय. बाहेरून काही दिसत नाही. एमसीबी मोठा करायचा तर आधी वायर जाड करायची, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही.

सहा किलोवॉटच्या सिंगल फेज ओव्हनला साधारणपणे डीबीपासून थेट ओव्हनपर्यंत वेगळी लाइन ओढतात: सहाची तांब्याची वायर, ३२ चा एमसीबी. लाइन लांब असेल, कंड्युटमध्ये आणखी वायरी असतील, गाळा फार तापत असेल, तर वायर अजून जाड लागते. तो हिशेब वायरमननं करायचा. तुम्ही एवढंच बघा की त्या लाइनवर दुसरं काहीही नाही. फ्रिज नाही, मिक्सर नाही, एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नाही.

बारीक वायरीचा तोटा केकलाही होतो. वायरीत व्होल्टेज पडलं आणि ओव्हनला २३० ऐवजी २०० मिळाले, तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गानुसार कमी होते. सहा किलोवॉटचा ओव्हन साडेचारचा होऊन बसतो. मग लोक रेसिपीला दोष देतात.

(०४:१०) थ्री फेजचं काय?

ओव्हन मोठा असेल तर थ्री फेज लागतो. फायदा असा की लोड वाटला जातो. नऊ किलोवॉटचा ओव्हन तिन्ही फेजवर सारखा वाटला तर प्रत्येकावर तीन किलोवॉट, म्हणजे साधारण १३ अँपिअर.

बरेच ओव्हन दोन्ही पद्धतीनं जोडता येतात. आत टर्मिनलवर पितळी पट्ट्या असतात, त्या मॅन्युअलमधल्या आकृतीप्रमाणे बसवायच्या. तिथे अंदाज चालत नाही. २३० व्होल्टच्या एलिमेंटला चुकून दोन फेजमधले ४०० व्होल्ट मिळाले, तर ते तिप्पट पॉवर ओढतं. सेकंडहँड ओव्हन घेताना हे नक्की विचारा: आधीच्या जागी तो सिंगल फेजवर होता की थ्री फेजवर?

आणि थ्री फेजमध्ये न्यूट्रल सैल असेल तर कुठल्या फेजला किती व्होल्ट मिळतील याचा भरवसा राहत नाही. एकीकडे दिवे मंद, दुसरीकडे फ्रिज जळालेला, असं दिसलं तर ओव्हन बंद आणि वायरमनला फोन.

(०५:३०) सैल स्क्रू

लहान वाटणारी, पण आगीला कारण होणारी गोष्ट. जाड वायरीच्या तारा नुसत्या पिळून स्क्रूखाली दाबल्या तर सांधा पक्का बसत नाही. समजा त्या सांध्यात फक्त ०.१ ओहम रेझिस्टन्स आला. २६ अँपिअर वाहिले की तिथे जवळजवळ ६८ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटची असते, आणि ती धातू वितळवते! इथे त्याच्या अडीच पटीहून जास्त उष्णता, अंगठ्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या शेजारी.

म्हणून वायरीच्या टोकाला थिंबल क्रिंप करून लावायचं, स्क्रू नीट आवळायचे, आणि महिन्याभरानं पुन्हा एकदा तपासून घ्यायचे. ओव्हन तापतो, थंड होतो, पंख्यानं थरथरतो. सांधे ढिले होतात.

(०६:२०) अर्थिंग: इथे जिवाचा प्रश्न आहे

आतापर्यंत वायरीचं बोललो. आता माणसाचं.

ओव्हनचं अंग स्टीलचं. किचनची फरशी ओली. हातही ओले. आत एलिमेंट फुटून फेज बॉडीला लागला आणि अर्थिंग नसेल, तर त्या स्टीलवर २३० व्होल्ट उभे राहतात आणि ओव्हन मात्र मस्त चालत राहतो.

एमसीबी इथे वाचवत नाही. शरीरातून साधारण ३० मिलीअँपिअरच्या पुढे करंट गेला की हृदयाची लय बिघडायचा धोका सुरू होतो. एमसीबीला दिसतात ३२ अँपिअर, म्हणजे ३२,००० मिलीअँपिअर. माणूस त्याच्या खिजगणतीतही नाही. माणसासाठी लागतो आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरचा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात फरक पडला की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबूनही पडला नाही तर बदलायचा.

पावसाळ्यात मी एका किचनमध्ये गेलो होतो. तक्रार काय, तर ओव्हनला हात लावला की झिणझिण्या येतात. आधी म्हणे आरसीसीबी सारखा पडायचा, मग कोणीतरी "दुरुस्त" करून दिला. उघडून बघितलं तर ओव्हनकडे जाणारी हिरवी वायर कापून, टेप गुंडाळून ठेवलेली. अर्थिंग तोडलं की गळणाऱ्या करंटला जायला वाट उरत नाही, म्हणून आरसीसीबी गप्प बसतो. पुढची वाट म्हणजे हात लावणारा माणूस! त्या किचनमधली मुलगी रबरी चप्पल घालत होती, म्हणून झिणझिण्यांवर भागलं.

मूळ कारण काय होतं? ओव्हन काही महिने बंद पडून होता. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर भरलेली असते, ती हवेतला ओलावा शोषते. ओलावा आला की करंट गळतो. यावर उपाय आहे: तंत्रज्ञ मेगरनं इन्सुलेशन मोजतो, एलिमेंट वाळवतो किंवा बदलतो. आरसीसीबी पडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. त्याचं तोंड दाबू नका.

आणि अर्थिंग "आहे" म्हणजे काय, तेही विचारा. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. जुन्या गाळ्यांमध्ये ती वायर कुठेच जोडलेली नसते, किंवा न्यूट्रललाच जोडलेली असते, जे आणखी वाईट. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की मुरूम आणि खडक लागतो, उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत होतो, आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. टेस्टरनं मोजून आकडा दाखवायला सांगा.

(०९:००) जागा आणि कागद

जागेचं पटकन सांगतो. मागे आणि बाजूला किती मोकळी जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये असतं, तेवढी सोडाच. फ्रायर शेजारी नको. स्टँड भक्कम आणि लेव्हलमध्ये. सगळ्यात वरचा ट्रे १६० सेंटिमीटरपेक्षा उंच नको, कारण डोळ्यांच्या वरून गरम पातळ पदार्थ काढताना तो अंगावर सांडतो. बंद करायचा आयसोलेटर ओव्हनच्या मागे नाही, बाजूला हवा. पेटलेल्या ओव्हनवरून हात नेऊन स्विच शोधायची वेळ येऊ नये. जवळ ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेवा. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही.

आता कागद. वीजबिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो. तो तीन किलोवॉट असेल आणि तुम्ही सहाचा ओव्हन लावणार असाल, तर आधी वीज कंपनीकडे भार वाढवायचा अर्ज. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर धरला जाऊ शकतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट लेखी घ्या.

(१०:१५) वायरमनदादांना विचारायचे पाच प्रश्न

याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. दादा, या ओव्हनला किती अँपिअर लागतात आणि वायर कितीची टाकताय?
२. एमसीबी वायरीला शोभेल असाच आहे ना?
३. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का? माझ्यासमोर टेस्ट दाबून दाखवा.
४. अर्थिंग मोजलं का? आकडा किती आला?
५. सगळ्या टोकांना थिंबल आहे का?

चांगल्या वायरमनला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्याला बरं वाटतं. "काही होत नाही ओ, बिनधास्त लावा" असं उत्तर मिळालं, तर चहा पाजा आणि दुसरा वायरमन शोधा. पण हे ऐकून स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका, प्लीज. प्रश्न विचारणं तुमचं काम, टर्मिनल उघडणं त्यांचं.

हे सगळं झालं की पहिल्या दिवशी ओव्हन रिकामाच चालवायचा, मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढा वेळ, खिडक्या उघड्या ठेवून. कारखान्यातलं तेल जळून थोडा धूर आणि वास येतो, ते ठीक. पण जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर लगेच बंद.

बजेट करताना ओव्हनच्या किमतीशेजारी वायरिंगची ओळ वेगळी लिहा. ट्रे नंतर वाढवता येतात.

पुढच्या भागात एक्झॉस्ट आणि चिमणीबद्दल बोलू. तुमच्या ओव्हनच्या नेमप्लेटवरचे आकडे कळत नसतील तर व्हॉइस नोट पाठवा, आपण मिळून भागाकार करू. भेटूया!